चिठ्ठी कुणाची, टॅब कुणाचा?



हा लेख खरं तर मॅगझिनच्या टेक्निकल सेक्शनला द्यायचा होता. इंग्रजीत अर्धा लिहूनही झाला होता. पण ज्या प्रसंगामुळे हे सगळं शिकले, त्या दिवशी माझी रूममेट एकच वाक्य बोलली होती : "नक्की काय झालं ते मला मराठीत सांग." तेव्हा मला धड सांगता आलं नाही. अर्धी वाक्यं इंग्रजीत, अर्धी हातवारे करून. म्हणून आता नीट, पहिल्यापासून सांगते. प्रोग्रॅमिंग येत नसलं तरी समजेल अशा बेताने.

काय घडलं?

द्वारका सर्कलला मुंबई-आग्रा रस्ता आणि पुणे रस्ता एकमेकांना भेटतात. तिथून चालत दहा मिनिटांवर आमचं हॉस्टेल. कॉमन रूममध्ये दोन जुने कॉम्प्युटर आहेत, दोन्हींवर लिनक्स आणि फायरफॉक्स. सगळ्यांचं लॉगिन एकच. यूपीएस आहे, पण त्याची बॅटरी केव्हाच गेलेली.

सेकंड इयरला असताना मी फायरफॉक्ससाठी एक छोटं एक्स्टेन्शन लिहिलं. नाव ठेवलं 'टाचण'. काम सोपं : उघड्या टॅबला एक चिठ्ठी डकवायची. "हा पेपर फक्त पान ४ पर्यंत वाचायचा", "इथला आलेख सेमिनारमध्ये घ्यायचा" अशी. मोझिलाच्या साइटवरून त्याला स्वतःपुरती डिजिटल सही करून घेतली आणि कॉमन रूमच्या दोन्ही कॉम्प्युटरवर टाकलं. मुली वापरायला लागल्या. मला केवढा आनंद!

सबमिशनच्या आठवड्यात एका संध्याकाळी लाईट गेली. वीस मिनिटांनी आली. कॉम्प्युटर सुरू केला, फायरफॉक्सने आधीचे सगळे टॅब शहाण्यासारखे परत उघडले. एका ज्युनिअरने तिच्या परीक्षेच्या टाइमटेबलचा टॅब क्लिक केला, आणि त्यावर पिवळी चिठ्ठी आली. तिने ती मोठ्याने वाचली. चिठ्ठीत साधारण असं होतं : फी जमणार नाही, एक वर्ष गॅप घ्यावी का, घरी कसं सांगायचं.

दोघी-तिघी हसल्या. कुणाला तरी वाटलं गंमत आहे. माझी रूममेट दाराजवळच उभी होती. ती काही न बोलता वर निघून गेली, आणि मग हसणंही थांबलं. चिठ्ठी तिची होती. तिने ती वेगळ्याच टॅबवर, शिष्यवृत्तीच्या माहितीच्या पानावर लिहिली होती. आम्ही एका खोलीत राहतो, आणि मलाही त्यातलं काही माहीत नव्हतं.

(हे छापण्याआधी तिला वाचायला दिलं आहे. चिठ्ठीतले शब्द तिने सांगितले तसे बदलले आहेत. पुढे काय झालं ते सांगायचं तर तीच सांगेल, मी नाही.)

चूक कुठे होती?

ब्राउझर प्रत्येक टॅबला एक नंबर देतो. त्याला टॅब आयडी म्हणतात. मी चिठ्ठी साठवताना तिच्यावर तोच नंबर लिहीत होते : सात नंबरच्या टॅबची ही चिठ्ठी. माझ्या लॅपटॉपवर महिनाभर छान चाललं. कारण मी ब्राउझर बंदच करत नव्हते, लॅपटॉप नुसता मिटत होते.

देवळाबाहेरच्या चप्पल स्टँडवर बिल्ला मिळतो ना, तसा हा नंबर आहे. आज सकाळी १२ नंबर माझा. दुपारी तोच बिल्ला दुसऱ्याच्या हातात. टॅब आयडी फक्त त्या एका सेशनपुरता खरा असतो. ब्राउझर बंद होऊन परत उघडला की वाटप नव्याने सुरू. फायरफॉक्समध्ये हे आकडे लहान असतात आणि पुन्हा १ पासून मोजले जातात. त्यामुळे जुना सात नंबर आणि नवा सात नंबर यांची टक्कर होणं जवळजवळ ठरलेलंच. हे डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्ट लिहिलंय. मी वाचलं नव्हतं.

म्हणजे टॅब परत आणण्याचं आपलं काम फायरफॉक्सने चोख केलं होतं. प्रश्न वेगळा होता : ब्राउझर टॅब परत आणतो, पण एक्स्टेन्शनने त्या टॅबला जोडलेली वस्तू त्याच टॅबला परत कशी जोडायची?

सेशन म्हणजे काय काय?

आधी शब्द साफ करू. कुठल्या खिडक्या उघड्या होत्या, त्यांत कुठले टॅब, कुठल्या क्रमाने, कुठला पिन केलेला, प्रत्येक टॅबमध्ये मागे-पुढे जायची पानं कोणती, पान कुठवर खाली सरकवलं होतं, फॉर्ममध्ये काय टाइप केलं होतं, या सगळ्याला मिळून ब्राउझरचं सेशन म्हणतात. वेबसाइटवर लॉगिन केल्यानंतर चालतं तेही 'सेशन'च, पण ते वेगळं. ते कुकीवर चालतं. दोन्हींची गल्लत करू नये.

फायरफॉक्समध्ये सेशन परत आणायची सोय ऑक्टोबर २००६ मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीपासून आहे. त्याआधी हे काम लोकांनी लिहिलेली सेशनसेव्हरसारखी एक्स्टेन्शन्स करत. तेव्हाच्या एक्स्टेन्शन्सना ब्राउझरच्या पोटात कुठेही हात घालता यायचा. नोव्हेंबर २०१७ मध्ये फायरफॉक्स ५७ आला आणि ती पद्धत बंद झाली. आता एक्स्टेन्शनला ठरवून दिलेल्या खिडकीतूनच मागावं लागतं, त्या खिडकीचं नाव वेबएक्स्टेन्शन एपीआय. सुरक्षेच्या दृष्टीने हे चांगलंच झालं. पण मागे-पुढे जायची पानं, फॉर्ममधला मजकूर या गोष्टी आता एक्स्टेन्शनला थेट मिळत नाहीत. पत्ता, शीर्षक, क्रम, पिन, एवढंच मिळतं. त्यातही पत्ता आणि शीर्षक वाचायला परवानगी लागते.

म्हणून पहिला नियम : ब्राउझर जे स्वतः परत आणतो ते आपण पुन्हा साठवायला जाऊ नये. आपण फक्त आपलं सांभाळावं.

बिल्ला नको, धोब्याची खूण हवी

उत्तर सुचलं ते हॉस्टेलच्या लाँड्रीत. आमच्याकडे कपडे गठ्ठ्याने जातात. पण कुणाचा कुर्ता कुणाला गेला असं सहसा होत नाही, कारण धोबी कपड्याच्या आतल्या बाजूला न पुसणारी खूण करतो. गठ्ठा बदलो, दिवस बदलो, खूण कपड्याबरोबरच जाते.

फायरफॉक्समध्ये अशी खूण करायची सोय आहे. सेशन्स एपीआयमधलं एक फंक्शन, सेट-टॅब-व्हॅल्यू. ते टॅबच्या अंगावर आपली एक छोटी नोंद लिहितं. ब्राउझर टॅब साठवतो तेव्हा ती नोंद टॅबबरोबरच साठवली जाते आणि टॅब परत आला की बरोबर येते. वाचायला गेट-टॅब-व्हॅल्यू. एका एक्स्टेन्शनची नोंद दुसऱ्याला दिसत नाही. ही सोयही फायरफॉक्स ५७ पासूनची.

मग पूर्ण चिठ्ठीच टॅबवर लिहून टाकायची का? मी आधी तसंच केलं. पण टॅब बंद केला की चिठ्ठीचा शोध संपतो. शिवाय सेशनची फाइल ब्राउझर सारखी सारखी लिहीत असतो, तिच्यात मजकूर कोंबणं बरं नाही. म्हणून दोन भाग केले :

१) चिठ्ठीचा मजकूर एक्स्टेन्शनच्या स्वतःच्या स्टोरेजमध्ये. त्याला एक यादृच्छिक लांब किल्ली, यूयूआयडी. असे दोन आकडे जुळायची भीती व्यवहारात धरायची गरज नाही.

२) टॅबच्या अंगावर फक्त ती किल्ली.

आधी काय लिहायचं?

इथे खरी गंमत आहे. दोन जागी लिहायचं म्हटलं की मधल्या क्षणी लाईट जाऊ शकते. आणि लाईट जाताना कळवून जात नाही! "ब्राउझर बंद होताना सगळं सेव्ह करू" हा विचार नवशिक्यांना (मला) पहिला सुचतो. पण प्लग निघाला तर तो कोड चालतच नाही. म्हणून बंद होण्याची वाट न बघता, चालू असतानाच लिहीत राहायचं.

फायरफॉक्स स्वतः हेच करतो. सेशनची स्थिती साधारण दर १५ सेकंदांनी डिस्कवर लिहितो. जुनी प्रतही बाजूला ठेवतो, म्हणजे नवी फाइल अर्धवट लिहिली गेली तरी मागची शाबूत. माझ्यासाठी याचा अर्थ असा : टॅबवर खूण केली तरी ती डिस्कवर पोचायला १५ सेकंद लागू शकतात. तेवढ्यात लाईट गेली तर खूण गेली.

दोन शक्यता मांडून बघा. आधी खूण, मग मजकूर, असा क्रम ठेवला आणि मध्येच लाईट गेली, तर खूण राहील पण तिच्यामागे चिठ्ठीच नसेल. मजकूर कायमचा गेला. उलट आधी मजकूर, मग खूण ठेवली, तर फार तर चिठ्ठी राहील पण तिचा टॅब सापडणार नाही. ही चिठ्ठी यादीत दाखवता येते, माणूस ती बघून परत डकवू शकतो. दोन्हींत नुकसान आहे, पण दुसरं भरून येणारं आहे. म्हणून क्रम ठरला : आधी मजकूर, त्याचं उत्तर आलं की मगच खूण.

प्रत्येक अक्षराला लिहायचं नाही, टायपिंग थांबलं की अर्ध्या सेकंदाने लिहायचं.

खूण सापडली तरी लगेच विश्वास नको

खुणेनेही फसायला होतं. तीन प्रसंग :

*डुप्लिकेट टॅब.* टॅबची नक्कल काढली की खुणेचीही नक्कल निघते. एकाच चिठ्ठीचे दोन मालक. म्हणून नवा टॅब आला की त्याची खूण वाचायची, आणि तीच खूण दुसऱ्या उघड्या टॅबवर असेल तर नव्यावरची पुसायची.

*बंद करून परत उघडलेला टॅब.* चुकून बंद केलेला टॅब कंट्रोल-शिफ्ट-टी दाबून परत येतो, खुणेसकट. टॅब बंद होताक्षणी मी चिठ्ठी पुसली असती तर तो रिकामा आला असता. म्हणून चिठ्ठी ७ दिवस ठेवते, मग पुसते. पहिल्या आवृत्तीत मी कधीच पुसत नव्हते, हाही गुन्हाच होता.

*पान बदललेला टॅब.* टॅब तोच, पण त्यात आता दुसरीच साइट उघडली आहे. चिठ्ठी टॅबची की पानाची? यावर आम्ही द्वारकेला उड्डाणपुलाखालच्या टपरीवर दोन कटिंगभर वाद घातला. शेवटी ठरलं : लिहिणारीच्या मनात पान असतं, टॅब नव्हे. म्हणून चिठ्ठीबरोबर त्या साइटचं नाव साठवते. टॅब परत आला आणि साइटचं नाव जुळलं नाही, तर चिठ्ठी उघडत नाही. ती गुपचूप 'बेवारस चिठ्ठ्या' या यादीत जाते.

मला वाटतं, या सगळ्या खटाटोपातला मुख्य धडा हाच. काही शंका आली तर चुकीच्या जागी दाखवण्यापेक्षा न दाखवणं बरं. चिठ्ठी सापडली नाही तर माणूस वैतागतो, शोधतो, मला दोन शब्द सुनावतो. चिठ्ठी भलत्याच्या पानावर उघडली तर जे होतं ते मी बघितलं आहे. प्रोग्रॅम चुकणारच, हे धरून चालायचं, पण तो कुठल्या बाजूला चुकावा हे आपल्या हातात असतं.

क्रोमवाल्यांचं काय?

क्रोमच्या सेशन्स एपीआयमध्ये टॅबवर खूण करायची सोय नाही. नुकत्याच बंद झालेल्या टॅबची यादी (जास्तीत जास्त २५ नोंदी) मिळते आणि ते परत उघडता येतात, एवढंच. त्यामुळे तिथे पत्ता, क्रम आणि शेजारचे टॅब यांवरून अंदाज बांधावा लागतो. अंदाज म्हटला की वरचा नियम दुप्पट कडक.

काही जणी म्हणाल्या, मग सगळे पत्ते सिंक स्टोरेजमध्ये ठेव, म्हणजे घरच्या लॅपटॉपवरही मिळतील. तिथे जागेचा हिशेब बघा. क्रोमच्या सिंक स्टोरेजमध्ये एकूण १,०२,४०० बाइट मिळतात, आणि एका नोंदीला फक्त ८,१९२. इंग्रजी पत्त्यांना ठीक आहे. पण मराठी विकिपीडियावरचं 'नाशिक' हे पान घ्या. न, काना, श, वेलांटी, क, असे पाच युनिकोड घटक. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकाला ३ बाइट, आणि वेब पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह अधिक दोन अक्षरं असा लिहिला जातो. म्हणजे ५ × ३ × ३ = ४५ अक्षरं. त्याआधीचा विकिपीडियाचा पत्ता ३० अक्षरांचा. एकूण ७५. आपल्याला डोळ्यांना पाच दिसतात आणि स्टोरेजमध्ये पंचेचाळीस बसतात! असे नुसते पत्ते एका नोंदीत १०९ मावतील. शीर्षक वगैरे धरलं तर त्याच्या निम्मेसुद्धा नाही. इंग्रजी पत्त्यांवर चाचणी घेऊन "चालतंय" म्हणणाऱ्याला हे कधी कळणारच नाही. म्हणून चाचणी घेताना मराठी पानं मुद्दाम उघडा.

शेअर्ड कॉम्प्युटर

आता शेवटचा आणि माझ्या मते सगळ्यात मोठा मुद्दा. वरची सगळी रचना बरोबर केली, तरी कॉमन रूममधली चिठ्ठी तिथल्या पुढच्या मुलीला दिसणारच होती. कारण लॉगिन एकच! माझ्या डोक्यात 'यूझर' म्हणजे एक माणूस, एक लॅपटॉप. हॉस्टेलमध्ये तसं नसतं. घरी, सायबर कॅफेत, लायब्ररीतही नसतं.

म्हणून टाचण आता पहिल्यांदा सुरू होताना विचारतं : हा कॉम्प्युटर फक्त तुमचा आहे का? "नाही" म्हटलं (किंवा उत्तरच दिलं नाही) तर चिठ्ठ्या सेशन स्टोरेजमध्ये जातात. ते फक्त मेमरीत असतं, फायरफॉक्समध्ये २०२३ पासून मिळतं, आणि ब्राउझर बंद झाला की रिकामं होतं. लाईट गेली तर चिठ्ठी गेली. तिथे तेच बरोबर आहे. प्रायव्हेट खिडकीत तर टाचण चालतच नाही. फायरफॉक्स स्वतःही प्रायव्हेट खिडकी सेशनमध्ये साठवत नाही, आणि २०१९ पासून वापरणाऱ्याने परवानगी दिल्याशिवाय एक्स्टेन्शनला तिथे येऊ देत नाही. ज्याने ते लिहिलं त्याला माणसं माहीत होती.

करून बघायचं असेल तर

सेशन साठवणारं काही लिहिलंत तर एवढ्या चाचण्या जरूर घ्या :

१) ब्राउझर नीट बंद करून उघडा.
२) टर्मिनलमधून किल मायनस नऊने मारा, मग उघडा.
३) चिठ्ठी लिहून पाच सेकंदांत मारा. १५ सेकंदांचा हिशेब इथे कळतो.
४) टॅब बंद करून परत आणा.
५) टॅबची नक्कल काढा.
६) टॅबमध्ये दुसरी साइट उघडून मग मारा.
७) मराठी पत्ते असलेले पन्नास टॅब उघडा.
८) दुसऱ्या मुलीला त्याच कॉम्प्युटरवर बसवा आणि तिला काय दिसतं ते तिच्या मागे उभं राहून बघा.

पहिल्या सात चाचण्या कुठल्याही पुस्तकाच्या धर्तीवर सुचतात. आठवी मला सुचायला एक संध्याकाळ आणि चार दिवसांचा अबोला लागला.

नवी आवृत्ती तयार झाल्यावर ती कॉमन रूमच्या कॉम्प्युटरवर टाकायची हिंमत होत नव्हती. रूममेटच म्हणाली, "टाक. मी बघते." तिने एक टॅब उघडला, काहीतरी लिहिलं, आणि सरळ हात लांब करून भिंतीवरचं बटण बंद केलं. कॉम्प्युटर गेला. परत चालू केला. टॅब सगळे आले. चिठ्ठी कुठेच नव्हती.

"काय लिहिलं होतंस?" मी विचारलं.

"ते तुला कळलं नाही ना?" ती म्हणाली. "मग चालतंय तुझं."